नवमाध्यमाची व्याख्या, गुण दहा

मे महिना आला की माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमायला लागतं. ‘नवमाध्यम म्हणजे काय ते सांगून सोशल वेबची वैशिष्ट्ये लिहा.’ गुण दहा. बाकीच्या बायकांना मे महिन्यात मोगरा आठवतो, कैऱ्या आठवतात, माहेर आठवतं. माझं माहेर म्हणजे ही घोडपदेवची खोलीच. लग्न केलं नाही, त्यामुळे ती सोडायचा प्रश्न आला नाही. कैऱ्यांचं म्हणाल तर खाली गाडीवाला फोडी करून तिखटमीठ लावून देतो. त्या खाते आणि दात आंबवून पेपर तपासायला जाते. सत्तावीस वर्षं झाली, मी मराठीतून पत्रकारिता शिकवते. त्यातली निम्मी वर्षं तरी हा प्रश्न पेपरात आहे. पहिल्यांदा तो मीच काढला होता. हे आधीच कबूल करते, उगाच नंतर कुणी माझ्यावर उलटायला नको.

उत्तर ठरलेलं असतं. ‘पारंपरिक माध्यमांत संवाद एकमार्गी होता. नवमाध्यमांमुळे तो द्विमार्गी झाला. वाचक केवळ वाचक न राहता निर्माता झाला. त्यामुळे जग जवळ आले.’ एवढं लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि एक चौकट काढली की पोरांना वाटतं झालं. आणि होतंच. नऊ गुण देते मी. काय करणार, नमुना उत्तरात तेच छापलंय, आणि नमुना उत्तर माझंच आहे. डोंबलाचा द्विमार्गी संवाद. दोन्ही बाजूंनी माणसं एकाच वेळी बोलत असली तर त्याला आमच्या चाळीत नळावरचं भांडण म्हणायचे.

आता तर उत्तरपत्रिका हातातही येत नाही. कुणीतरी कुठेतरी ती स्कॅन करतं आणि ती आमच्यासमोर पडद्यावर उगवते. आम्ही वीस-पंचवीस मास्तर-मास्तरणी एका हॉलमध्ये रांगेत बसतो. एसी असतो, तो कधीमधी चालू असतो. माउस टिचकवायचा, गुण चढवायचे, पुढचं पान. पूर्वी गठ्ठे यायचे, सुतळीने बांधलेले. सुतळी सोडताना बोटाला धूळ लागायची. पान पालटलं की कळायचं, हिने पेन किती दाबून धरलंय, याच्या तळव्याला किती घाम आलाय. एकीने शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘बाई, घरी आजारपण आहे, सांभाळून घ्या.’ ते वाचलं की राग यायचा, पण वाचलं जायचं. पडद्यावर मात्र सगळ्यांची अक्षरं एकसारखीच दिसतात.

या हंगामात आणखी एक उपद्रव असतो. परिसंवाद. अनुदानाचे पैसे संपवायचे म्हणून शेजारच्या कॉलेजने परवा एक घेतला. विषय, ‘नवमाध्यमे : संधी आणि आव्हाने’. दुसरं काय असणार. समईला तेल कमी होतं, ती तीनदा विझली. मग प्रमुख पाहुणे उठले. परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत कुठल्याशा कंपनीत ते ‘कम्युनिटी’चे प्रमुख आहेत. तीस-बत्तीस वर्षांचा चुणचुणीत मुलगा, पांढरे बूट. तो म्हणाला, आम्ही कम्युनिटी बिल्ड करतो. मी चहाच्या वेळी त्याला विचारलं, त्या इमारतीच्या मागे ज्या चाळी आहेत त्या कुठल्या? तो म्हणाला, मागे काय आहे ते वरून दिसत नाही मॅडम, आमचा फेसिंग सी-साइड आहे. मग त्याने माझ्याबरोबर एक सेल्फी काढला आणि तिथल्या तिथे जगाला कळवलं की एका ज्येष्ठ विदुषीशी माझी अर्थपूर्ण चर्चा झाली. माझं नाव त्याने विचारलं नव्हतं.

ही चीड मला पुस्तकं वाचून आलेली नाही. ती आली चार-पाच वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यात, समोरच्या खोलीतल्या सायलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा. सायली गणितात नापास झाली. यात जगबुडी काहीच नव्हती. एका विषयासाठी अकरावी अडत नाही, आणि जुलैत पेपर पुन्हा देता येतो. त्या पोरीची त्या दिवशी एवढीच इच्छा होती, की आपण नापास झालोय हे बापाला आपण सांगावं. घरात, दार लावून, दुसऱ्या कुणाच्याही तोंडून कळायच्या आधी. एवढी साधी गोष्ट आम्ही तिला करू दिली नाही. आम्ही म्हणजे कोण, ते सांगतेच.

सायलीचा बाप संतोष माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. चाळीत माझ्यासमोर चड्डीत हिंडलेला. बसच्या डेपोत मेकॅनिक आहे. बायको सुनीता परळच्या एका इस्पितळात आया आहे. डोक्याने दोघंही साधी, हाताने कामसू. सायली एकुलती एक. तिला गणित येत नव्हतं हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये पोरं सकाळी विहारात अभ्यासाला बसायची, चटयांवर, भिंतीला पाठ लावून. बुद्धमूर्तीसमोर सकाळीच कुणीतरी अगरबत्ती लावून गेलेलं असायचं, तिचा वास आणि पोरांच्या डोक्याच्या तेलाचा वास. तिथून येताना सायली मला गॅलरीत भेटायची. पेपर झाला त्या दिवशी ती म्हणाली, “आत्या, गणित उडणार बहुतेक.”

“काही नाही उडत गं,” मी म्हटलं. माझ्या हातात भाजीची पिशवी होती. तिला आणखी काही बोलायचं होतं, ते तोंडावर दिसत होतं. मला घाई होती.

मग एप्रिल आला आणि गेला. जयंतीच्या निळ्या पताका तारांवर तशाच राहिल्या, उन्हाने विटून पांढुरक्या झाल्या. गॅलरीच्या कठड्यावर पापड, साबुदाण्याच्या फेण्या, त्यावर जुनी ओढणी. दुपारचं डांबर मऊ व्हायचं, खाली उतरलं की चप्पल चिकटायची. निकाल कधी लागणार याच्या बातम्या रोज यायच्या आणि रोज खोट्या ठरायच्या. कुणीतरी कुणालातरी पाठवायचं, ‘उद्या नक्की’, खाली तीन उद्गारचिन्हं. उद्या काही व्हायचं नाही. मग तोच माणूस लिहायचा, ‘मी आधीच सांगितलं होतं, अफवांवर विश्वास ठेवू नका.’ लाज नावाची वस्तूच चाळीच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर कुणाला पाठवता येत नाही, तिचं चित्र अजून निघालेलं नाही.

आमच्या विहाराच्या भिंतीवर पूर्वी एक फळा होता. काळ्या रंगाने रंगवलेली लाकडी फळी, वर पत्र्याचं छप्पर. त्यावर माझे वडील लिहायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. दिवसभर शिशाचे खिळे उलटे जुळवायचे आणि घरी येऊन खडूने सुलटं लिहायचे. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मयत कधी निघणार, पाणी किती वाजता जाणार, धम्मवर्गाला कोण येणार. चार ओळी. पाचवी मावायची नाही, म्हणून पाचव्या गोष्टीचा विचार करावा लागायचा. ओल्या फडक्याने फळा पुसला की तो वाळेपर्यंत दादा तिथेच उभे राहायचे आणि मी खडूचा डबा धरून.

दहावीचा निकाल लागला की फळ्यावर पास झालेल्यांची नावं लागायची. पण दादा आधी नापास झालेल्यांच्या घरी जायचे. मी एकदा विचारलं, आधी पास झालेल्यांकडे का नाही जायचं? तिथे पेढे असतात. दादा म्हणाले, “पास झालेले कुठे पळून चाललेत?” नापास पोराच्या घरी जाऊन ते खाली बसायचे. चहा व्हायचा. पाण्याचं बोलायचे, छपराच्या गळतीचं बोलायचे. पोरगं कोपऱ्यात तोंड पाडून. उठता उठता त्यालाच विचारायचे, आईबापाला नाही. “फळ्यावर काय लिहू?” बहुतेक पोरं मान हलवायची, म्हणजे काही नको. मग काही नाही. त्या घरावरून कुणी दादांना छेडलं, तर ते ऐकूच आलं नाही असं दाखवायचे.

एका वर्षी वरच्या मजल्यावरचा राजू म्हणाला, “लिहा काका, ऑक्टोबरला बसतोय म्हणून.” तेव्हा ऑक्टोबरात परत परीक्षा असायची. दादांनी फळ्याच्या उजव्या बाजूला एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘ऑक्टोबरला बसणार’. खाली राजूचं नाव, पास झालेल्यांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दोघांनी येऊन सांगितलं, आमचंही टाका. मला ते तेव्हा काही विशेष वाटलं नाही. माझं लक्ष पेढ्यांत होतं.

फळ्याच्या काळात सगळे साधुसंत होते असं मला म्हणायचं नाही. आमच्या चाळीतली तोंडं तुम्ही ऐकलेली नाहीत. नळावर पोरींची अब्रू काढली गेली, जिन्यात घरं फुटली, एकेकीच्या नावाने वर्षानुवर्षं कुजबुज चालली. पण ती कुजबुज जिन्यातच राहायची, तिला फळ्यावर जागा नव्हती. फळ्यावर यायचं तर आधी एका माणसाला दार वाजवून आत येऊन बसावं लागायचं. विद्यार्थ्यांना शिकवताना मी याला ‘संपादकीय गाळणी’ म्हणते आणि ‘नवमाध्यमांनी ती दूर केल्यामुळे अभिव्यक्ती मुक्त झाली’ असं पुढचं वाक्य सांगते. ती मान खाली घालून लिहून घेतात.

आता फळ्याच्या जागी फ्लेक्स लागतो आणि खरं जग मोबाइलमध्ये. ‘आपली चाळ, आपला परिवार’ असा ग्रुप आहे. परिवारातले निम्मे विरार-बदलापूरला राहतात, एक दुबईला. जे चाळीत राहतात ते एकमेकांच्या दारावरून जाताना मान वर करत नाहीत आणि सकाळी सात वाजता एकमेकांना उगवत्या सूर्याचं चित्र पाठवतात. सूर्य गॅलरीतून दिसतो, तो कुणी बघत नाही. कुणी गेलं की पाच मिनिटांत ओळीने तीच दोन शब्दांची श्रद्धांजली पडते, मग त्याच हाताने त्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. आजारी माणसाला बघायला कुणी इस्पितळात जात नाही, पण तो बरा व्हावा म्हणून जोडलेल्या हातांची रांग लागते. या रांगेने कुणाला घोटभर पाणी पाजल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

या ग्रुपचा कारभार बंटीकडे. नावावर जाऊ नका, बंटी चौतीस वर्षांचा आहे, दोन पोरांचा बाप आहे. चाळीच्या मंडळाचा तो सोशल मीडिया प्रमुख. असं पद असतं, त्याचं कार्डही असतं. त्याच्या मागल्या वर्षी पलीकडच्या मंडळाने दहावीच्या पोरांच्या अभिनंदनाचं पोस्टर आमच्या आधी टाकलं होतं, आणि ते बंटीच्या फार मनाला लागलं होतं. म्हणून त्या वर्षी निकालाची तारीख नक्की कळल्याबरोबर त्याने आदल्या दिवशीच पोस्टर करून ठेवलं. आदल्या दिवशी. म्हणजे निकालाच्या आधी निकाल. नंतर मी त्याला झापलं तेव्हा तो मला म्हणाला, “ताई, हल्ली कोण नापास होतं? सगळेच निघतात.”

त्या पोस्टरवर सगळ्यात वर भाऊ. हात जोडलेले, कपाळापासून छातीपर्यंत. भाऊ म्हणजे निवडणुकीला उभं राहायच्या बेतात असलेले आमचे हितचिंतक. त्यांच्याखाली मंडळाचे पाच पदाधिकारी, गॉगलसकट. आणि अगदी तळाशी, पोस्टाच्या तिकिटाएवढी, चाळीतली अकरा पोरं. सायलीचा फोटो कुठल्याशा लग्नातून कापलेला, तिच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचातरी हात तसाच राहिलेला. मधोमध सोनेरी अक्षरांत, ‘दहावीच्या परीक्षेत घवघवीत यश संपादन केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. टक्के लिहिलेले नव्हते. कसे लिहिणार, ते लागायचे होते.

निकाल दुपारी एकला लागला. मी तेव्हा त्या पेपर तपासायच्या हॉलमध्ये होते. पुढचं सगळं मला मागाहून कळलं, थोडं सायलीकडून, थोडं बंटीकडून. सायली घरी एकटी होती. तिने मोबाइलवर नंबर टाकला. गणितात सत्तावीस. ती म्हणाली, मला रडू नाही आलं आत्या, मला वाटलंच होतं. मी ठरवलं, पप्पा आले की हातपाय धुवून बसतील, तेव्हा सांगायचं. मम्मीला पण तेव्हाच. एवढं ठरवून तिने कुकर लावला. एक वाजून चार मिनिटांनी ग्रुपवर पोस्टर पडलं.

डेपोत संतोषचे हात ग्रीसमध्ये. त्याला मोबाइल दाखवला दुसऱ्याच कुणी, “अरे संतोष, पोरगी चमकली तुझी.” सायलीने घाबरून फोन लावला. त्याने कोपराने की कशाने तो उचलला आणि तिला बोलूच दिलं नाही. “पाहिलं गं, पाहिलं मी. सगळ्यांना दाखवलं. येतो संध्याकाळी पेढे घेऊन.” कट. परत लावला, उचलला नाही. आईचा फोन वॉर्डाबाहेर लॉकरमध्ये. मग पोरीने बंटीला एकट्याला मेसेज केला, की बंटीदादा, मी नापास आहे, माझा फोटो काढ. हे बंटीने वाचलं. हे मात्र त्याने वाचलं, तो एकटाच. आणि उत्तर दिलं, “आत्ता काढला तर भाऊंना वाटेल पोस्टर का काढलं. संध्याकाळी बघतो. लोड नको घेऊस.”

मला पुष्कळदा वाटतं, त्या पाहुण्याला, पांढऱ्या बुटांच्या, हे सांगावं. कम्युनिटी बिल्ड करतोस ना, मग ही बघ. इथे प्रत्येकाला बोलता येतं, कुणाला थांबवता येत नाही. सोळा वर्षांची मुलगी एका मोठ्या माणसाला सांगते की माझ्याबद्दल खोटं छापलंय ते काढ, आणि तो म्हणतो, भाऊंना काय वाटेल. पूर्वीही भाऊ असायचेच की. तेही फोटो काढून घ्यायचे. पण त्यांना आमच्या पोरीच्या निकालावर चढून बसायची सोय नव्हती. ही सोय करून देणाऱ्या वस्तूवर मी दहा गुणांचा प्रश्न काढते, वैशिष्ट्ये लिहा म्हणते.

यंदा मी अभ्यास मंडळाच्या बैठकीत म्हटलं, हा प्रश्न काढून टाका. अध्यक्ष म्हणाले, सिलॅबसमध्ये आहे. मी म्हटलं, मग सिलॅबसमधून काढा. ते म्हणाले, मॅडम, तुम्हीच घातलाय. सगळे हसले, बिस्किटं फिरली, ठराव झाला की प्रश्न राहू द्यावा. मीही एक बिस्कीट खाल्लं.

तर सायली. दोन वाजता तिने सरळ ग्रुपवरच लिहिलं. पोरगी मुळात लाजाळू. गॅलरीत चार बायका असल्या तर आतल्या अंगाने जाणारी. तिने दोनशे-अडीचशे माणसांसमोर लिहिलं, ‘मी सायली. मी गणितात नापास झाले आहे. पोस्टरमध्ये चूक आहे. प्लीज कोणी माझे अभिनंदन करू नका. माझ्या पप्पांना मी सांगणार आहे.’ मी सत्तावीस वर्षांत हजारो उत्तरपत्रिका वाचल्या, इतकं सरळ लिहिलेलं क्वचित वाचलंय. एकही शब्द जास्त नाही, कुणाला दोष नाही.

आणि त्याखाली काय पडलं? विरारच्या एका काकांनी फुलांचा गुच्छ टाकला. दुबईवाल्याने टाळ्या. बदलापूरच्या बाईंनी ‘अशीच पुढे जात राहा’. कुणी नाचणारा ससा. कुणी अंगठा, नुसता अंगठा, म्हणजे काय म्हणायचं होतं देव जाणे. दुष्ट माणसं नव्हती ती. त्यांना वरचं पोस्टर दिसलं, खालची मोकळी जागा दिसली, मधलं वाचायची कुणाला गरज वाटली नाही. गुच्छामागून गुच्छ येत राहिले आणि सायलीचं लिहिणं वर वर सरकत दिसेनासं झालं. ती म्हणाली, मी खाली बघत होते, कुणीतरी विचारेल म्हणून. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, भाताचा करपट वास आला तेव्हा उठले.

मी साडेपाचला घरी आले. पायाला गोळे, डोळ्यांची आग. येता येता नाक्यावरून तिच्यासाठी मोठं चॉकलेट घेतलं होतं. खोलीत न जाता आधी समोरचं दार वाजवलं. सायलीने उघडलं. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले.

“कुठाय आमची हुशार पोरगी?” मी म्हटलं.

ती म्हणाली, “आत्या, तू ग्रुप वाचत नाहीस का गं?”

“वाचते की. लिहिलंसुद्धा मी.”

तिने आतून मोबाइल आणून माझ्या हातात दिला. अंगठ्याने वर सरकवून तिचं लिहिणं दाखवलं. मी ते वाचलं. मग ती हळूहळू खाली आणत गेली. गुच्छ, टाळ्या, ससा, अंगठा. आणि त्यांच्यामध्ये, दोन वाजून वीस मिनिटांनी, शुद्ध मराठीत, पूर्णविरामांसकट, ‘अभिनंदन बाळा. खूप शिक, खूप मोठी हो. आज माझे दादा असते तर फळ्यावर तुझं नाव पहिलं लिहिलं असतं.’ खाली माझं नाव.

चहाच्या सुट्टीत लिहिलं होतं ते. एका हातात वडापाव होता. ग्रुपवर साठ-सत्तर मेसेज साठलेले, ते कोण बघतंय. पोस्टर दिसलं, सायलीचा फोटो दिसला, सर्रकन खाली आले आणि टाइप केलं. बाकीच्यांसारखे मी गुच्छ टाकत नाही, मी वाक्य लिहिते, असा मला माज आहे. दादांनाही ओढलं त्यात, वाक्य चांगलं व्हावं म्हणून. मग हात पुसले, आत गेले, आणि पडद्यावर ‘संवाद द्विमार्गी झाला’ असं लिहिणाऱ्या कुणालातरी नऊ गुण दिले.

“मला वाटलं तू टोमणा मारलास,” सायली म्हणाली. “मार्चमध्ये तुलाच सांगितलं होतं ना मी. म्हटलं, आत्या चिडली असेल.”

“नाही गं बाळा. मी वाचलंच नव्हतं.”

तिने मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला. “टोमणा असता तर चाललं असतं,” ती म्हणाली. “कुणीतरी वाचलंय असं तरी झालं असतं.”

मला शरम वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. ते चॉकलेट कुठे ठेवावं तेसुद्धा मला कळेना.

खालून संतोषचा आवाज यायला लागला. तो जिन्याने वर येत होता आणि प्रत्येक दारात थांबत होता. कुणीतरी शाब्बास म्हणत होतं, कुणी पोरीला खाली बोलाव म्हणत होतं. सायलीने माझं मनगट धरलं.

“मी सांगणार होते,” ती म्हणाली. “दिवसभर पाठ केलं होतं. आता माझ्याच्याने नाही होणार. तू सांग. तोंडाने सांग, आत्या.”

संतोष दारात आला. पेढ्यांचा खोका उघडा, नखांत अजून ग्रीस. मला बघून त्याचा चेहरा आणखी फुलला. “ताई, तू थांब, आधी तुला,” तो म्हणाला आणि पेढा माझ्या हातावर ठेवला. “काय लिहिलंस गं तू. सगळ्यांनी फुलं टाकली, पण तुझं ते दादांचं वाचून मला रडूच आलं. डेपोत दोनदा वाचून दाखवलं सगळ्यांना.”

त्याच्यामागे शेजारच्या दोघी येऊन उभ्या होत्या. सायली भिंतीला पाठ लावून माझ्याकडे बघत होती. पेढा माझ्या हातात चिकट झाला होता.

“संतोष,” मी म्हटलं, “आत ये. दार लावून घे.”

तो हसत हसत आत आला.